रिकामा खिसा : संगणकाच्या जुन्या पुस्तकांची हरवलेली सोबत

१

भाट्ये हे रत्नागिरी शहराला लागून, पण खाडीपलीकडे वसलेले गाव. काजळी नदी समुद्राला मिळते तिथला पूल ओलांडला की उजव्या हाताला सुरूचे बन लागते आणि त्याच्या पलीकडे वाळू. इथे घर असलेल्या माणसाला पुस्तकांविषयी एक गोष्ट लवकर कळते. पावसाळ्याचे चार महिने ओल आणि उरलेले आठ महिने खारी हवा, यांत कागद टिकवणे सोपे नाही. कसर लागते, बांधणी सुटते, मुखपृष्ठावर पांढरी बुरशी धरते. तरीही पुस्तक उन्हात टाकले, फडक्याने पुसले की वाचता येते.

गेल्या वर्षी कपाट आवरताना मला याची दुसरी बाजू दिसली. रत्नागिरीत मी बरीच वर्षे मुलांना सी ही संगणकभाषा शिकवली. त्या काळातली पुस्तके खालच्या फळीवर होती. पाने पिवळी पडलेली, पण अक्षर न् अक्षर शाबूत. मागच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला चिकटवलेले प्लास्टिकचे खिसे मात्र बहुतेक रिकामे होते. एका खिशात फ्लॉपी सापडली. तिची पत्र्याची झडप सरकवून पाहिली तर आतल्या तबकडीवर बुरशीचे ठिपके. एका सीडीचा चंदेरी थर कडेने उडाला होता. पुस्तक टिकले आणि त्याची सोबत गेली.

ज्या वाचकांचा या पुस्तकांशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकात दोन प्रकारचा मजकूर असतो. एक, लेखकाचे विवेचन. दुसरा, संगणकाला द्यायच्या आज्ञांचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या संहितेचा. सुरुवातीला ही संहिता पानावरच छापत आणि वाचक ती पाहून टंकित करी. पुढे फ्लॉपी स्वस्त झाल्यावर, आणि नंतर सीडी आल्यावर, संहिता त्यांवर घालून पुस्तकाला जोडू लागले. मुखपृष्ठावर ‘सीडीसह’ असे ठळक छापलेले असे आणि पुस्तक त्यावर खपतही असे.

साहित्याच्या मासिकात या विषयाचे काय काम, असा प्रश्न कुणी विचारील. माझे उत्तर असे की हा प्रश्न मुळात ग्रंथाचा आहे. ग्रंथ म्हणजे नेमके किती? त्याचा कुठला भाग मुख्य आणि कुठला जोड? आणि जोड हरवली तर उरलेल्याला आपण पूर्ण ग्रंथ म्हणू शकतो का? आपल्या समीक्षेने हे प्रश्न पोथ्यांच्या बाबतीत फार काळजीपूर्वक विचारले आहेत. चाळीस वर्षांमागच्या पुस्तकांच्या बाबतीत ते विचारायचे राहून गेले.

२

या पुस्तकांचे, ती संहिता कशी देतात यावरून, तीन वर्ग करता येतात.

पहिल्या वर्गातल्या पुस्तकांत प्रत्येक प्रोग्रॅम छोटा आणि पानावर पूर्ण असतो. अमेरिकेतल्या डेव्हिड आहल यांचे ‘बेसिक कम्प्युटर गेम्स’ हे याचे ठळक उदाहरण. १९७३ च्या आपल्याच एका संग्रहातून त्यांनी १९७८ मध्ये घरगुती संगणकांसाठी ते सिद्ध केले आणि दहा लाखांहून अधिक प्रती खपलेले ते संगणकाचे पहिले पुस्तक मानले जाते. त्यातला प्रत्येक खेळ वाचकाने स्वतः टंकित करायचा होता.

आपल्याकडे या वर्गात मी नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ घालीन. दिल्लीच्या बीपीबी पब्लिकेशन्सने काढलेल्या या इंग्रजी पुस्तकावर महाराष्ट्रातल्या, किंबहुना भारतातल्या, अभियांत्रिकी आणि पॉलिटेक्निकच्या कितीतरी तुकड्या शिकल्या. त्याची साहित्यिक समीक्षा कुणी केल्याचे माझ्या वाचनात नाही, पण ती करण्याजोगी आहे. केर्निगन आणि रिची यांचे १९७८ चे सी भाषेवरचे मूळ पुस्तक जगाला नमस्कार करून सुरू होते. कानेटकरांचा पहिला प्रोग्रॅम सरळव्याज काढतो. मुद्दल, मुदत, दर. पुढे रमेश नावाचा पगारदार येतो, त्याचा मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता येतो. कंपनी आपल्या कोणत्या चालकाचा विमा उतरवील हे ठरवताना चालक विवाहित आहे की नाही, पुरुष आहे की स्त्री, वय किती, अशा अटी एकातून एक निघतात. पगारपत्रक आणि पासबुक ज्या घरात रोजचे विषय होते, त्या घरातल्या मुलाला ‘जर–तर’ची रचना यातून विनासायास कळली. परदेशी पुस्तकातला नमस्कार त्याला पाठ झाला असता. व्याज त्याला समजले.

आज महत्त्वाची गोष्ट अशी, की या पुस्तकातला व्याजाचा किंवा पगाराचा प्रोग्रॅम पानावर आरंभापासून शेवटपर्यंत आहे. खिशातले काहीही हरवले तरी तो पाहून टंकित करता येतो. जुनी प्रत आजही शिकवू शकते.

दुसऱ्या वर्गात प्रचंड प्रोग्रॅम संपूर्ण छापणारी पुस्तके येतात. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी १९७७ साली युनिक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याची सगळी संहिता छापून तिच्यावर भाष्य लिहिले. अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ च्या आपल्या पाठ्यपुस्तकाच्या शेवटी मिनिक्स या छोट्या कार्यप्रणालीची संहिता छापली. डोनाल्ड क्नूथ यांनी १९८६ मध्ये आपल्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमची संपूर्ण संहिता एका स्वतंत्र खंडात, निबंध वाचावा तशी वाचता येईल अशा मांडणीत प्रसिद्ध केली. मूळ ग्रंथ आणि त्यावरची टीका एकाच बांधणीत ठेवण्याची आपली जुनी रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही पुस्तके परकी वाटणार नाहीत.

तिसऱ्या वर्गातली पुस्तके संहितेचे तुकडे पानावर देतात आणि उरलेले सोबतच्या फ्लॉपीत किंवा सीडीत आहे असे सांगतात. पृष्ठसंख्या वाचते, पुस्तक स्वस्त होते, मोठे विषय हाताळता येतात. कानेटकरांचे ‘सी प्रोजेक्ट्स’ हे पुस्तक सीडीसह विकले जात असे ते याच कारणाने, कारण मोठा प्रकल्प पानावर मावत नाही. या वर्गाला कमी लेखण्याचे कारण नाही. क्लासमध्ये आठवड्याला दोन तास संगणक मिळणाऱ्या मुलाला शंभर ओळी टंकित करायला लावणे ही शिक्षाच होती. सोबतच्या फ्लॉपीने त्याचे तास वाचवले. पण काळाच्या कसोटीवर सर्वांत आधी मोडली ती हीच पुस्तके. पानावरचे वाक्य ‘पुढचा भाग सोबत पाहा’ म्हणते आणि सोबत नसते. पानांच्या मधला फर्मा गळालेल्या कादंबरीसारखी अवस्था.

३

तिसऱ्या वर्गातल्या एका पुस्तकाचा मी वर्षभर पाठपुरावा केला. पुस्तकाचे नाव घेत नाही, कारण त्यात लेखकाचा किंवा प्रकाशकाचा काही दोष नाही. विषय होता मजकूर लिहिण्या-सुधारण्याचा एक प्रोग्रॅम सीमध्ये कसा बांधावा. त्याचे महत्त्वाचे तुकडे छापलेले, बाकी सगळे फ्लॉपीत. माझी फ्लॉपी तीच, बुरशीची.

पहिली चौकशी ग्रंथालयांत केली. एका महाविद्यालयाच्या नोंदवहीत पुस्तक होते, फ्लॉपीची नोंद नव्हती. ग्रंथपालांनी समजावून सांगितले की पुस्तके दाखल होताना फ्लॉपी आणि सीडी काढून वेगळ्या खणात ठेवत; मुलांच्या हातून त्या मोडू नयेत हा हेतू. त्यांना दाखल-क्रमांक दिला नव्हता. पुढे फ्लॉपी वाचणारी यंत्रेच गेली तेव्हा खण रिकामा केला. यात निष्काळजीपणा कुणाचाच नव्हता. ज्या वस्तूला क्रमांक नाही ती ग्रंथालयाच्या दृष्टीने नसतेच.

मग पुण्यात आप्पा बळवंत चौकात आणि मुंबईत फोर्टच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगांत शोधले. पुस्तक दोनदा मिळाले, दोन्ही वेळा खिसा फाटलेला. त्यानंतर इंटरनेट अर्काइव्ह या अमेरिकेतल्या संस्थेच्या संग्रहात पाहिले. तिथे जुन्या सीडी आणि फ्लॉपींच्या हजारो प्रतिमा आहेत. प्रतिमा म्हणजे चकतीवरचा मजकूर जसाच्या तसा, रिकाम्या जागांसकट, एका फाइलीत उतरवलेला. परदेशी पुस्तकांच्या कितीतरी सोबती तिथे सापडल्या. मला हवी ती नव्हती.

शेवटी ती माणसांकडे मिळाली. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकाने, आता तो पुण्यात असतो, त्या काळी फ्लॉपीतला सगळा मजकूर आपल्या संगणकावर उतरवून घेतला होता आणि पुढे प्रत्येक नव्या संगणकावर तो फोल्डर न उघडता सोबत नेला होता. दुसरी प्रत चिपळूणच्या एकाने घरी सीडीवर उतरवून ठेवली होती. ती सीडी तिसऱ्या प्रयत्नात वाचली गेली.

दोन प्रती हातात आल्या आणि खरे काम सुरू झाले, कारण त्या जुळत नव्हत्या. पुण्याच्या प्रतीत चार फाइली जास्त होत्या. ज्या फाइली दोन्हींत होत्या त्यांतही फरक होते. एका फाइलीत, चित्रे काढण्यासाठी लागणारे साहाय्यक प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरमध्ये आहेत तो पत्ता बदललेला होता. मुख्य फलनाची पहिली ओळ पुण्याच्या प्रतीत आजच्या प्रमाणकाप्रमाणे होती, चिपळूणच्या प्रतीत जुन्या सवयीप्रमाणे.

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच अडचणीतून, की उतरवणाऱ्यांच्या हातून पाठ बदलत गेले होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून पुढे जवळजवळ अर्धशतक महाभारताच्या पोथ्या ताडून चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. कोणता पाठ मूळ, कोणता प्रक्षिप्त, कोणता लेखनिकाचा प्रमाद, हे ठरवण्याच्या त्यांच्या रीती मला इथे अक्षरशः उपयोगी पडल्या. जास्तीच्या चार फाइली उघडल्यावर कळले की तो विद्यार्थ्याचा गृहपाठ होता, शुद्ध प्रक्षेप. बदललेला पत्ता त्याच्या त्या वेळच्या संगणकाचा होता. फाइलींवरच्या तारखांनीही मदत केली, कारण साध्या नकलेत फाइलीची शेवटच्या बदलाची तारीख सहसा तशीच राहते. ज्या फाइलींची तारीख पुस्तकाच्या प्रकाशनानंतरची होती त्या संशयित.

तिसरा साक्षीदार होता छापील पान. पुस्तकातले तुकडे मी दोन्ही प्रतींशी ओळीने ताडले. चिपळूणची प्रत छापील मजकुराशी जुळली, फक्त एका जागी नाही. पानावर एक महिरपी कंस गळला होता, तो फाइलीत होता. पानावरची संहिता टंकित केली असती तर प्रोग्रॅम चाललाच नसता. इथे माझा एक पक्का समज मोडला. मी धरून चाललो होतो की छापील ते मूळ आणि फ्लॉपी ही सोय. पण छापील संहिता जुळाऱ्याच्या हातून गेली होती. फ्लॉपीतली संहिता लेखकाने स्वतः चालवून पाहिलेली असणार. जिला आपण जोड म्हणतो तीच पुस्तकाचे शुद्धिपत्र होती.

४

पाठ निश्चित झाला तरी वाचन झाले नाही. ही संहिता बोरलँड कंपनीच्या टर्बो सी या, १९८७ मध्ये आलेल्या, साधनासाठी लिहिलेली. त्या काळची पुस्तके टर्बो सीला इतके गृहीत धरतात, की भाषेचा नियम कोणता आणि या एका साधनाची लकब कोणती हे अनेकदा वेगळे काढता येत नाही. टर्बो सीमध्ये पूर्णांकाला दोन बाइट जागा असे. त्यामुळे ३२,७६७ मध्ये एक मिळवला की उणे ३२,७६८ मिळत. ‘याचे उत्तर काय येईल?’ अशा प्रश्नांत हा सापळा परीक्षकांच्या आवडीचा होता. आजच्या साधनांत पूर्णांकाला सहसा चार बाइट असतात आणि तिथे तेच उत्तर चूक ठरते. पडद्याच्या स्मृतीत थेट अक्षर लिहिण्याची युक्तीही तशीच. आजची कार्यप्रणाली ती करू देत नाही.

म्हणजे हरवलेली फ्लॉपी ही अर्धीच हानी. ज्या यंत्रात ती संहिता जिवंत होती ते यंत्रही गेले. सुदैवाने बोरलँडने पुढे टर्बो सीची एक जुनी आवृत्ती विनामूल्य खुली केली, आणि डॉसबॉक्स नावाचा प्रोग्रॅम आजच्या संगणकात जुन्या डॉसच्या संगणकाची हुबेहूब नक्कल उभी करतो. त्या नकलेत चिपळूणची प्रत चालली. निळ्या पडद्यावर पंचवीस ओळी आणि ऐंशी रकाने उमटले. मग पुस्तक पुन्हा वाचले. जी प्रकरणे मला पूर्वी विस्कळीत वाटली होती ती तशी नव्हती. लेखक प्रत्येक वेळी प्रोग्रॅमच्या एखाद्या भागाकडे बोट दाखवत होता आणि मी, सोबत नसल्यामुळे, फक्त बोट पाहत होतो. या पुस्तकावर मी विद्यार्थ्यांसमोर केलेली टीका मला मागे घ्यावी लागली.

५

अशी पुस्तके जपण्याची जबाबदारी कुणाची, हे कायद्यात पाहिले तर गंमत दिसते. १९५४ च्या ग्रंथप्रदानाच्या केंद्रीय कायद्याने प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या अन्य सार्वजनिक ग्रंथालयांना द्यायची आहे. राष्ट्रीय ग्रंथालयाची प्रत संपूर्ण हवी, तिच्यातले सगळे नकाशे आणि चित्रे उत्तम प्रतीत असतील तशीच, रंगांसकट हवीत, इतका बारकावा त्या कायद्यात आहे. पुस्तकाची जोड हा पुस्तकाचाच भाग, हे तत्त्व तिथे मान्य आहे. फक्त १९५४ साली जोड म्हणजे नकाशा होता. फ्लॉपी कुणाच्या कल्पनेत नव्हती आणि पुढे कुणी ती त्यात लिहिली नाही.

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ मध्ये एक चांगली सुधारणा झाली. नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला, जतनासाठी, आपल्याकडच्या कृतीची डिजिटल प्रत करून ठेवता येते. पण अट अशी की त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत त्याच्याकडे असावी. सीडी मुळातच डिजिटल. म्हणजे पुस्तकाला ही सवलत सरळ लागू पडते, त्याच्या खिशातल्या सीडीला नाही. प्रोग्रॅमच्या कायदेशीर धारकाला बचावाची प्रत करण्याची मुभा वेगळ्या कलमात आहे, पण ती तात्पुरत्या संरक्षणापुरती आणि मूळ वापरापुरती. पुण्याच्या आणि चिपळूणच्या माझ्या विद्यार्थ्यांनी प्रत करताना यातले एकही कलम वाचले नसणार. त्यांनी ती केली म्हणून पुस्तक वाचले.

हा अनुभव नवा नाही. लायन्स यांच्या भाष्याच्या प्रसारावर युनिक्सच्या मालक कंपनीने निर्बंध आणले, तेव्हा ते पुस्तक विद्यार्थ्यांनी झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून जगभर नेले. उघडपणे ते छापले गेले १९९६ मध्ये. कपाटात बंद राहिलेल्या प्रतींनी नव्हे, हातोहात फिरलेल्या प्रतींनी ते तगवले.

भाट्यात कोकण कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र आहे. नारळाच्या बाबतीत एक अडचण अशी की त्याचे बी भात-नाचणीसारखे वाळवून, थंड करून वर्षानुवर्षे साठवता येत नाही. वाळले की ते मरते. नारळाची जात जपायची तर तिची झाडे लावून, वाढवून, पुन्हा त्यांच्या फळांतून रोपे करूनच जपावी लागते. सोबतच्या फ्लॉपींचे तसेच आहे. कागद पुष्कळसा भातासारखा, कोरडा ठेवला तर राहतो. संहिता उतरवून घेत, चालवून पाहत, नव्या यंत्रावर नेतच ठेवावी लागते. खिशात नीट ठेवलेली माझी फ्लॉपी मेली आणि निष्काळजीपणे उतरवलेली चिपळूणची प्रत जगली, यामागचे कारण एवढेच.

यातून ग्रंथालयांसाठी निघणारे काम फार खर्चाचे नाही. सोबतीला पुस्तकाचाच दाखल-क्रमांक द्यावा. ती वाचता येते तोवर तिची प्रतिमा करून दोन ठिकाणी ठेवावी. त्या प्रतिमेचा अंकाक्षरी ठसा, जो एक अक्षर बदलले तरी बदलतो, नोंदवहीत लिहावा, म्हणजे पुढच्या प्रती ताडता येतील. आणि फाइलींची यादी कागदावर छापून पुस्तकातच चिकटवावी. रत्नागिरीसारख्या गावात, जिथे १८२८ पासून चालत आलेले जिल्हा नगर वाचनालय आहे, हे काम अशक्य वाटण्याचे कारण नाही.

समीक्षकांसाठीही एक काम आहे, आणि ते आपल्याच घरचे आहे. अनेक वर्षे मराठी पुस्तके आणि दिवाळी अंक श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांत जुळवले गेले. त्यांच्या संकेतावल्या युनिकोडहून वेगळ्या. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती जुनी फाइल उघडली तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. अंक कपाटात आहे, वाचता येतो. त्याची फाइल आहे, वाचता येत नाही. उद्या कुणी या काळातल्या लेखकाची समग्र आवृत्ती काढायला बसेल तेव्हा त्याला माझ्यासारखेच दोन प्रती ताडत, कुठला पाठ लेखकाचा आणि कुठला फॉन्ट बदलणाऱ्या प्रोग्रॅमचा, हे शोधावे लागेल.

चिपळूणच्या प्रतीच्या आता चार नकला आहेत. एक माझ्याकडे, एक पुण्याला, एक परत चिपळूणला. चौथी मी एका नव्या सीडीवर घालून त्या पुस्तकाच्या खिशात ठेवली. भाट्याच्या हवेत ती किती टिकेल हे मला माहीत आहे. म्हणून फाइलींची यादी आणि गळालेल्या कंसाची दुरुस्ती पेन्सिलने पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिली आहे.